घरातल्या नॅसचा पासवर्ड विसरलो, तातडीने मदत हवी आहे

पडवी | शनिवार, रात्री १०:५२

जाणकारांनो, डोकं चालेनासं झालंय म्हणून हा धागा काढतोय.

२०२० साली घरूनच काम चालू होतं तेव्हा हौसेने सिनॉलॉजी कंपनीचं डीएस२२०प्लस नावाचं नॅस घेतलं, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून फाईली साठवायचं डबडं. आत ४-४ टीबीच्या दोन डिस्क, एकीवर जे ते दुसरीवर. पहिले पंधरा दिवस रात्री जागून सगळं लावलं, २००४ पासूनचे फोटो चढवले आणि डबडं कपाटावर ठेवून दिलं. त्यानंतर धूळ पुसण्यापलीकडे त्याला हात लावलेला नाही. फोनवरचं ॲप आपोआप उघडायचं, लॅपटॉपच्या ब्राउझरला पासवर्ड पाठ होता. मला पाठ असायची वेळच आली नाही.

गेल्या दिवाळीत तो लॅपटॉप फॉरमॅट केला. परवा फोन बदलला. आज आजोबांच्या वेळच्या वाटणीपत्राचा स्कॅन हवा म्हणून बसलो (सोमवारी पुतण्याबरोबर तलाठ्याकडे जायचंय, वारसनोंदीचं काम) आणि लक्षात आलं की पासवर्ड माझ्याकडे नाहीच.

मुलीचं नाव आणि जन्मसाल, जुन्या स्कूटरचा नंबर, कुलदैवत आणि १२३, सगळं करून झालं. बारा-तेरा वेळा तरी टाकला असेल. आता तर माझ्या लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता ब्लॉक केलाय म्हणून दाराबाहेरूनच हाकलतंय. इथल्या बाजारातल्या एका दुकानदाराला फोन केला, तर डबडं न बघताच म्हणाला, "डिस्क खोलाव्या लागतील, १८ हजार."

फोटो जातील का हो?

एकदम_सोपं | रात्री ११:०१

घाबरू नका, १८ हजार खिशातच ठेवा. डबड्याच्या मागे बारीक भोक आहे, शेजारी रिसेट लिहिलेलं असेल. मशीन चालू असतानाच त्यात सिमकार्ड काढायची पिन घाला, सुमारे ४ सेकंद दाबून धरा, एक बीप आली की सोडा. बस. मग ॲडमिन नावाने आत जा, पासवर्डची जागा रिकामी ठेवा. नवा पासवर्ड विचारेल तो द्या.

डेटा कुठेही जात नाही. फक्त बीपनंतर लगेच पुन्हा दाबू नका. दहा सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा दाबून धरलं आणि तीन बीप आल्या तर ते सगळी सिस्टिम नव्याने टाकायला मागतं. त्यातही डेटा राहतो म्हणतात, पण उगाच कशाला.

चहाबाज | रात्री ११:०४

आमच्याकडे घरातले सगळे पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर असतात, दुधाच्या हिशेबाशेजारी. पद्धत उत्तम, फक्त दर १ जानेवारीला सगळे पासवर्ड रद्दीत जातात.

पडवी | रात्री ११:२६

दाबलं! बीप आली!

पाच मिनिटं काहीच सापडेना, कारण डबड्याचा पत्ताच बदलला होता. मग राउटरच्या पानावर (आमचं जिओचं आहे, १९२.१६८.२९.१) जोडलेल्या यंत्रांच्या यादीत नवा पत्ता मिळाला. त्यापुढे ५००० घालून उघडलं, ॲडमिन, रिकामा पासवर्ड, आत!!

फोटो सगळे जागेवर. मुलीचं बारसं, सिंहगड, सगळं. एकदम_सोपं, तुम्ही भेटा, मिसळ माझ्याकडून.

फक्त एक शंका. 'खासगी' नावाचा फोल्डर आहे, त्याच्यावर कुलपाचं चित्र आलंय. टिचकी मारली तर उघडत नाही, कंट्रोल पॅनलमधून उघडायला गेलो तर किल्ली मागतोय. नवा पासवर्ड टाकला तर चूक म्हणतोय. वाटणीपत्र नेमकं त्यातच आहे. हे आणखी कुठे रिसेट करायचं?

लिनक्सवाले_काका | रात्री ११:३८

अरेरे. अर्धा तास आधी धागा दिसला असता तर पिन खाली ठेवा म्हणालो असतो.

पडवी, तुम्ही दोन कुलपांना एक समजताय. वाड्याच्या दिंडीदरवाजाचं कुलूप वेगळं, आतल्या तिजोरीचं वेगळं. तुम्ही विसरलात तो दिंडीचा पासवर्ड. डबडं तुमच्या हातात आहे म्हणजे तुम्ही मालक, असं मानून कंपनीने मागे भोक ठेवलंय. पण 'खासगी' फोल्डर बनवताना तुम्ही कूटबद्ध करायचा पर्याय निवडलेला दिसतो. त्या फोल्डरमधली प्रत्येक फाईल तुम्ही तेव्हा दिलेल्या किल्लीने घोटून डिस्कवर लिहिलेली आहे. ही किल्ली डबडं बनवणाऱ्यांकडे नाही आणि पिनने बदलता येत नाही. येत असती तर चोरानेही पिन घातली असती.

मग इतकी वर्षं किल्ली न विचारता कसं उघडत होतं? 'सुरू होताना आपोआप उघड' ही खूण तुम्ही तेव्हा केली असणार. रिसेटचं बटण दाबलं की डबडं पहिलं काम करतं ते ही खूण पुसायचं आणि फोल्डर बंद करायचं. मुद्दाम तसं ठेवलंय.

आता एक विचारतो, रागावू नका. घरातल्या दुसऱ्या एखाद्या संगणकावर हा फोल्डर उघडा होता का?

पडवी | रात्री ११:४७

काका...

हॉलमध्ये स्कॅनरला जोडलेला जुना डेस्कटॉप आहे. स्कॅन थेट झेड ड्राइव्हवर जातो. तो झेड म्हणजेच 'खासगी'. गेल्या महिन्यातच लाइट बिल स्कॅन केलं होतं.

आत्ता जाऊन बघितलं. झेडवर लाल फुली.

लिनक्सवाले_काका | रात्री ११:५१

हं. तासाभरापूर्वी त्या झेडमधून सगळं सरळ कॉपी झालं असतं. पासवर्डाची गरजच नव्हती.

एकदम_सोपं | रात्री ११:५८

माझ्याकडून चूक झाली, मान्य. माझ्या डबड्यात कूटबद्ध काही नाही त्यामुळे डोक्यातच आलं नाही. पण काका, कंपनीच्या पानावरही हा उपाय लिहिलाय.

लिनक्सवाले_काका | रविवार, रात्री १२:३४

लिहिलंय, आणि खरंच लिहिलंय. फरक एवढाच की तो उपाय दिंडीपुरता आहे. तुम्हाला दोष नाही देत. पण पुढेमागे कुणी शोधत इथे आलं तर निदान त्याचं वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहितो. झोप तशीही उडालीच आहे.

डबडं चालू आहे तोवर त्याला शिवू नका, बंदही करू नका. पासवर्ड तुम्ही विसरलात, डबडं तुम्हाला विसरलेलं नाही. घरभर हिंडून बघा कोण अजून आत आहे. टीव्हीवर फोटो लागतात का? बायकोच्या फोनमधलं ॲप उघडतंय का? एखाद्या संगणकावर तो ड्राइव्ह जोडलेला आहे का? जिथे उघडं सापडेल तिथून आधी माल बाहेर काढा. पासवर्डाचं नंतर.

मग ब्राउझर. लॅपटॉप फॉरमॅट केला म्हणजे पासवर्ड गेलाच असं नाही. क्रोममध्ये गुगलचं खातं जोडलेलं असेल आणि सिंक चालू असेल, तर जपून ठेवलेला पासवर्ड त्या खात्यात असतो. पासवर्ड्स डॉट गुगल डॉट कॉमवर जा आणि शोधात १९२.१६८ टाका. निम्म्या लोकांचं काम इथेच संपतं. मॅक असेल तर किचेन नावाच्या त्याच्या पासवर्डांच्या पेटीत बघा, मॅकचा स्वतःचा पासवर्ड दिला की जुने पासवर्ड उघडे दाखवतो. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (तिथली पासवर्डांची पेटी) मात्र फसगत होते. वेबचे पासवर्ड दिसतात, जोडलेल्या ड्राइव्हचा पासवर्ड दिसत नाही, नुसतं नाव दिसतं.

घरात दुसऱ्या कुणाला व्यवस्थापकाचं खातं करून दिलं होतं का तेही आठवा. त्या खात्यातून तुमचा पासवर्ड दोन मिनिटांत बदलता येतो, पिनबिन काही लागत नाही.

ब्लॉकचं गणितही सांगतो. ५ मिनिटांत १० वेळा चुकलं की ज्या पत्त्यावरून प्रयत्न झाला तो पत्ता बंद होतो, निदान मूळची मांडणी तशी असते. म्हणजे तुमच्या लॅपटॉपची वाट बंद झाली, घरातल्या दुसऱ्या फोनची नाही. पडवी, तुमचा अकरावा-बारावा अंदाज कदाचित बरोबरही असेल, तो ऐकूनच घेतला नसेल.

एवढं सगळं झाल्यावर पिन. आणि पिन घालायच्या आधी शेअर्ड फोल्डरांत कूटबद्ध काही आहे का आणि त्याची किल्ली कुठे आहे याचं उत्तर हातात हवं. २०२३ मध्ये आलेल्या डीएसएम ७.२ पासून (डीएसएम म्हणजे सिनॉलॉजीची सिस्टिम) तर अख्खा व्हॉल्यूमच, म्हणजे सगळे फोल्डर ज्यात राहतात ती जागाच, कूटबद्ध करता येतो. त्याच्या वेळी एक रिकव्हरी की उतरवून घ्यायला सांगतात. ती फाईल हरवली असेल तर पिनच्या वाटेला जाऊच नका.

आता पडवींकडे. फोल्डर बनवलात तेव्हा ब्राउझरने एक छोटी फाईल आपोआप डाउनलोड केली असणार. फोल्डरचं नाव, टिंब, आणि पुढे के-ई-वाय. लोकांना ती कचरा वाटते. किल्ली विसरला असाल तर त्या फाईलने कुलूप उघडतं. फोल्डर कुठल्या संगणकावर बसून बनवलात?

पडवी | रात्री १२:४१

तोच लॅपटॉप. दिवाळीत फॉरमॅट केलेला.

बार्शीलाइट | सकाळी ७:१५

सकाळी सकाळी हा धागा वाचून चहा गार झाला.

माझा एक भाबडा प्रश्न. डिस्क काढून पीसीला लावल्या तर? भाच्याने एकदा असंच काहीतरी करून फोटो काढून दिले होते.

लिनक्सवाले_काका | सकाळी ७:४०

लावता येतात. डबडंच जळालं तर तोच मार्ग. आत लिनक्सच असतं, उबुंटूची पेनड्राइव्हवरून चालणारी प्रत घ्यायची, एमडीएडीएम आणि एलव्हीएम ही डिस्क जुळवायची अवजारं टाकायची, डिस्क जुळवून 'फक्त वाचा' अशा अवस्थेत उघडायच्या. साधे फोल्डर स्वच्छ दिसतात, पासवर्ड कुणी विचारत नाही. कूटबद्ध फोल्डरचं मात्र तिथेही तेच. फाईली सोडा, फाईलींची नावंसुद्धा अगम्य दिसतात.

एक धोका सांगून ठेवतो. त्या डिस्क चुकून विंडोजला लावल्यात तर विंडोजला त्या ओळखता येत नाहीत आणि तो नम्रपणे विचारतो, डिस्क इनिशियलाइज करू का, फॉरमॅट करू का? तिथे सवयीने हो म्हणणारे मी पाहिलेत.

कोडगा_कोडर | सकाळी ९:०५

ब्रूट फोर्स करा की, एकेक करून सगळ्या शक्य किल्ल्या लावून बघायच्या. एक स्क्रिप्ट लिहून देतो.

लिनक्सवाले_काका | सकाळी ९:२२

किल्ली निदान ८ अक्षरांची लागते. नुसती लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं धरली तरी २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी शक्यता. सेकंदाला हजार किल्ल्या लावून बघितल्यात तरी साडेसहा वर्षं. त्यात आकडे आणि @ आले की विषय संपला.

पण पडवींना आपली सवय माहीत असेल (नाव, मग साल, मग चिन्ह, असं काहीतरी), तर शक्यता काही हजारांवर येतात. तेव्हा स्क्रिप्टला अर्थ आहे. पडवी, तुमच्या सगळ्या जुन्या पासवर्डांची एक यादी कागदावर करा. इथे टाकू नका!

टेम्सकाठचा | सकाळी ११:५०

इंग्लंडातून रामराम. यादी करताना एक गोष्ट बघा: किल्ली कुठल्या कीबोर्डवर टाईप केली होती?

माझी कथा सांगतो. पुण्यात आईबाबांकडे असंच एक डबडं मी सुट्टीत लावून दिलं, माझ्या इथल्या लॅपटॉपवरून. परत आल्यावर बाबांचा फोन, पासवर्ड चालत नाही. मी तोच सांगतोय, ते तोच टाकतायत. चार दिवस असं चाललं. आईचं ठाम मत होतं की बाबा कॅप्स लॉक लावून बसतात.

शेवटी कळलं ते असं. इथल्या कीबोर्डवर शिफ्ट आणि २ दाबलं की @ येत नाही, अवतरणचिन्ह येतं. @ बसतो उजवीकडे, एंटरच्या जवळ. माझ्या लॅपटॉपवर विंडोजची भाषा एक आणि कीबोर्ड दुसरा असा गोंधळ होता. मी बोटाच्या सवयीने दाबलं, पडद्यावर दिसले नुसते ठिपके. म्हणजे मी @ समजत होतो ते पासवर्डात अवतरणचिन्ह होतं. बाबांना म्हटलं, @ च्या जागी दोन काड्यांवालं अवतरण टाका. एका फटक्यात उघडलं.

आई अजूनही कॅप्स लॉकच म्हणते.

मीठभाकर | दुपारी १२:१०

+१. माझ्याकडे मराठी कीबोर्ड चालू राहिला होता आणि पासवर्ड देवनागरीत पडत होता. ठिपके काय, सगळ्या लिप्यांचे सारखेच.

नवीनच_आलोय | दुपारी १२:३०

माझ्याकडे क्यूनॅप कंपनीचं नॅस आहे. तिथेही ४ सेकंद का?

एकदम_सोपं | दुपारी १२:४४

तिथे ३ सेकंद, एक बीप, ॲडमिनचा पासवर्ड मूळ पदावर. १० सेकंद धरलं तर दोन बीप आणि बरंच काही मूळ पदावर, म्हणून मनात मोजत दाबा. मूळ पासवर्ड पूर्वी ॲडमिनच असायचा. क्यूटीएस (त्यांची सिस्टिम) ४.४.२ पासून पहिला मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीचा छापील क्रमांक, केला होता, मोठी अक्षरं, मधली टिंबं न घालता. डबड्यावरच्या लेबलावर असतो. आपल्या मॉडेलचं पान मात्र वाचा.

आणि कूटबद्ध काही आहे का ते आधी बघा. (शिकलो मी.)

सुगरण_नाही | दुपारी १:२०

नॅस नाही, पण जवळचाच प्रश्न. बहिणीची वेस्टर्न डिजिटलची पोर्टेबल डिस्क आहे, माय पासपोर्ट. तिने स्वतःच पासवर्ड लावला आणि विसरली. पाच वेळा चुकलं की काढून पुन्हा लावायला सांगतेय. त्याला कुठे भोक दिसत नाही.

लिनक्सवाले_काका | दुपारी १:३१

ताई, त्याला भोक नाही. पासवर्ड पुसता येतो, पण त्याबरोबर सगळी डिस्क पुसली जाते. डिस्क परत वापरात येईल, आतलं नाही. पासवर्ड आठवण्याखेरीज खरा मार्ग नाही. बाजारात कुणी काढून देतो म्हणाला तर पैसे काम झाल्यावर, असं म्हणून बघा. बहुतेक जण तिथूनच परत फिरतात.

चहाबाज | दुपारी १:४५

म्हणजे ज्याने नीट कुलूप लावलं तो बुडाला आणि ज्याने उघडं ठेवलं तो तरला. वा!

बार्शीलाइट | दुपारी २:०२

उघडं ठेवणारेही बुडालेत हो. जून २०२१ आठवा. वेस्टर्न डिजिटलचीच माय बुक लाइव्ह नावाची डबडी जगभर एकाएकी रिकामी झाली. मालक सकाळी उठून बघतात तर वर्षांवर्षांचा डेटा गायब. इंटरनेटवरून कुणीतरी फॅक्टरी रिसेट केलं होतं, आणि तिथे पासवर्ड विचारायची तपासणीच चालू नव्हती. २०१५ नंतर त्यांना अपडेटही नव्हते. इथे मालकाला पिन शोधावी लागते आणि तिथे परक्याला काहीच लागलं नाही.

पडवी | दुपारी ३:१०

सगळ्यांचं वाचतोय. यादी केली, सव्वीस पासवर्ड निघाले. प्रत्येक हाताने टाकून बघितला, @ च्या जागी अवतरण घालूनही. नाही.

वाटणीपत्राचं एक वेळ ठीक आहे. पुतण्या म्हणतो ते नोंदणीकृत आहे, दुय्यम निबंधकांकडून नक्कल काढू. सातबारा तर १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. मार्कलिस्टा, पॅन, सगळं कुठून ना कुठून परत येईल.

काल लिहिलं नव्हतं. त्याच फोल्डरमध्ये आत्याच्या ओव्या आहेत. २००९ साली नोकियाच्या फोनवर मी स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड केल्या होत्या, चौदा फाईली. तिला जात्याशिवाय ओवी आठवायची नाही, म्हणून तिने पोळपाट पुढे घेऊन नुसता हात गोल फिरवत म्हटल्या. आत्या २०१२ ला गेली. दुसरी प्रत नाही. फोन तर कधीच भंगारात गेला. जपून राहाव्यात म्हणून मुद्दाम त्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या.

मीठभाकर | दुपारी ३:२२

काय बोलावं. दोन डिस्क होत्या ना, म्हणजे दोन प्रती?

लिनक्सवाले_काका | दुपारी ३:३५

दोन डिस्क म्हणजे एक डिस्क मेली तर दुसरी चालते, एवढंच. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं आणि कुलूप लागलं तर दोन्हीकडे लागतं. त्याला प्रत म्हणत नाहीत.

पडवी, एक सांगा. लॅपटॉप फॉरमॅट करायच्या आधी आतल्या फाईली कुठे हलवल्या होत्या?

पडवी | दुपारी ३:४१

बायकोने केलं होतं ते. विचारतो. ती माहेरी आहे.

पडवी | संध्याकाळी ४:५५

ती म्हणते, "सगळं तुझ्या त्या कपाटावरच्या डब्यातच टाकलं. दुसरीकडे कुठे टाकणार?"

लिनक्सवाले_काका | संध्याकाळी ४:५८

कुठल्या फोल्डरमध्ये? कुलपाच्या की बिनकुलपाच्या?

कोडगा_कोडर | संध्याकाळी ५:०१

*(खुर्ची पुढे सरकवून)*

पडवी | संध्याकाळी ५:३७

सापडली.

फोटोंच्या फोल्डरमध्ये 'जुना लॅपटॉप' म्हणून एक फोल्डर, त्यात डाउनलोड्स जसेच्या तसे. साडेतीन हजार फाईली. शोधात के-ई-वाय टाकलं तर आधी कीबोर्डची माहितीपत्रकं आली, मग कुणाच्या तरी मंकीच्या चित्रांची झिप. मग तारखेप्रमाणे लावून नोव्हेंबर २०२० वर गेलो. एका बाजूला सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती, दुसऱ्या बाजूला सत्यनारायणाच्या साहित्याची यादी, आणि मधे 'खासगी' आणि शेपटीला के-ई-वाय. एवढीशी.

कंट्रोल पॅनल, शेअर्ड फोल्डर, एन्क्रिप्शन, माउंट, किल्ली टाईप करण्याऐवजी फाईल द्या. दिली. कुलूप गेलं.

वाटणीपत्र नंतर. आधी ओव्या लावल्या. सातव्या फाईलमध्ये मधेच कुकरची शिट्टी होते आणि आत्या थांबून म्हणते, "बंद कर रे, हे नको घेऊस त्यात."

मीठभाकर | संध्याकाळी ५:४०

🙏

चहाबाज | संध्याकाळी ५:४४

तिजोरीची किल्ली तिजोरीशेजारच्याच खिळ्यावर! वहिनींना नमस्कार सांगा.

लिनक्सवाले_काका | संध्याकाळी ५:५२

छान झालं. आता तुमचं कौतुक करण्याआधी खडसावतो. ती फाईल तिथे असणं म्हणजे त्या फोल्डरला कुलूप नसल्यासारखंच होतं. डबडं चोरीला गेलं असतं तर चोरालाही तुमच्याइतकीच सोपी पडली असती. आज नशीब म्हणून उपयोगी पडली.

फोल्डर उघडा आहे तोवर आज रात्रीच काम संपवा. आतलं सगळं बाहेरच्या एका साध्या डिस्कवर उतरवा. ओव्या वेगळ्या काढा, त्यांना कुलूप नकोच. त्यात लपवण्यासारखं काय आहे? एक प्रत पेनड्राइव्हवर बहिणीकडे द्या, एक तुमच्या मेलमध्ये पडू द्या. नोकियाच्या रेकॉर्डिंगा बहुतेक एएमआर (जुन्या फोनांतला आवाजाच्या फाईलचा प्रकार) असतील, त्यांच्या एमपीथ्री करून ठेवा, मूळही ठेवा. कुलूप फक्त पॅन, बँक, असल्या कागदांना. नवा कूटबद्ध फोल्डर करा, नवी किल्ली द्या, किल्लीची फाईल पेनड्राइव्हवर, आणि किल्ली कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये नाहीतर जिथे दागिने ठेवता तिथे. जुना फोल्डर मग पुसून टाका.

रिसेटने चालू झालेलं ते ॲडमिन खातंही तसंच सोडू नका. तुमच्या स्वतःच्या खात्याला नवा पासवर्ड द्या, त्यातून आत जाऊन ॲडमिन बंद करा. रिसेटने फायरवॉल आणि ते पत्ता ब्लॉक करणंही बंद होतं, दोन्ही परत चालू करा. झेड ड्राइव्ह नव्या पत्त्याने जोडावा लागेल. राउटरमध्ये डबड्याला कायमचा पत्ता बांधून द्या म्हणजे पुन्हा शोधाशोध नको.

पडवी | रात्री ९:१८

उतरवणं चालू आहे, ६२ टक्के. ओव्या बहिणीला पाठवल्या. तिचा फोन आला होता, बोलली काहीच नाही, नुसती ऐकत होती.

एकदम_सोपं, मिसळीचं आमंत्रण कायम आहे. काका, तुम्हीही या.

एकदम_सोपं | रात्री ९:३०

येतो. पिन घरी ठेवून येतो.

पडवी | सोमवार, दुपारी २:४०

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: तलाठ्यांनी वाटणीपत्र बघितलंसुद्धा नाही. आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत मागितली. ती पुतण्याच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत निघाली.

गावाकडचा_सायबर | गुरुवार, रात्री १०:०५

शीर्षक वाचून आलो. आमच्याकडे पण सेम डबडं, सेम प्रॉब्लेम. सगळं वाचायला वेळ नाही, ४ सेकंदच ना?

लिनक्सवाले_काका | रात्री १०:०६

पिन खाली ठेवा. टीव्हीवर फोटो लागतात का ते आधी सांगा.